मोबाईलवर किड्यांचे क्लोजअप फोटो कसे काढायचे, सुरुवात कढीपत्त्याच्या कुंडीपासून

ज्यांच्याकडे डीएसएलआर नाही, मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स नाही, फक्त रोजच्या वापरातला फोन आहे आणि गॅलरीत किंवा अंगणात चार कुंड्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्यांदा किड्याचा फोटो काढायला गेलं की बहुतेकांचं एकच होतं, फोन थेट किड्याच्या तोंडाशी नेऊन धरायचा, स्क्रीनवर सगळं धूसर, दोन-तीनदा टॅप केलं की मागचं पान एकदम शार्प आणि किडा ब्लर, आणि तेवढ्यात तो उडून जातो. मग वाटतं आपला फोनच बेकार आहे. फोन बहुतेक वेळा ठीकच असतो. फोटो जमतो तो तीन गोष्टींवर, आपला फोन किती अंतरावरून फोकस करतो हे माहीत असणं, उजेड, आणि तो किडा कधी आणि कुठे शांत बसतो हे माहीत असणं. यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते आणि तिला पैसे लागत नाहीत, म्हणून खाली तिच्यावरच जास्त लिहिलंय.

स्टेप १: आधी फोनचं अंतर मोजा

घरी टेबलावर पेपर पसरा, छोट्या जाहिरातींचं बारीक अक्षरांचं पान असेल तर उत्तम, आणि बाजूला मुलांची शाळेची पट्टी उभी धरा. कॅमेरा १एक्सवर, म्हणजे झूम न करता ठेवून फोन हळूहळू खाली आणत जा. एका ठिकाणी अक्षरं फुटायला लागतील आणि कितीही टॅप केलं तरी परत शार्प होणार नाहीत, त्याच्या जरा वरचं अंतर म्हणजे तुमच्या मेन कॅमेऱ्याची हद्द. बऱ्याच फोनमध्ये ते १० ते १५ सेंटीमीटर असतं, मोठ्या सेन्सरच्या महागड्या फोनमध्ये तर २० च्या पुढेही जातं, त्यामुळे जास्त पैसे दिले म्हणजे जास्त जवळ जाता येतं असं नाही. हेच २एक्स, ३एक्स झूमवर आणि अल्ट्रावाइडवर (जास्त रुंद भाग दाखवणारी लेन्स) करून बघा आणि आकडे लिहून ठेवा.

आता यात एक भानगड आहे. बरेच नवे फोन तुम्ही जवळ गेलात की न विचारता स्वतःच लेन्स बदलतात, स्क्रीनवरचं चित्र एकदम हलल्यासारखं होतं आणि काही फोनवर फुलाचं छोटं चिन्ह येतं, म्हणजे तुम्हाला वाटतंय मेन कॅमेरा चालू आहे आणि प्रत्यक्षात अल्ट्रावाइड चालू झालेला असतो. कुठली लेन्स चालू आहे ते कळत नसेल तर मागे एकेका लेन्सवर बोट ठेवा, जिच्यावर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होते ती चालू. २०२१ च्या आयफोन १३ प्रोपासून अल्ट्रावाइडला ऑटोफोकस आला आणि २ सेंटीमीटरवरून फोटो घेता यायला लागला, अँड्रॉइडमध्येही असे फोन आहेत. ही सोय अळी, गोगलगाय, वाणी, शंखी यांच्यासाठी फार छान, कारण ते पळून जात नाहीत. फुलपाखरासाठी मात्र उपयोग नाही, २ सेंटीमीटरवर फोनची सावलीच त्याच्यावर पडते आणि ते उडतं.

स्वस्त फोनमध्ये २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो, त्याचा फोकस फिक्स असतो, साधारण ४ सेंटीमीटरच्या आसपास. भर उजेडात कामचलाऊ फोटो येतो. पण माझं मत विचाराल तर तो विसरा आणि मेन कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून नंतर क्रॉप करा, ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा सेन्सर असेल तर २एक्सवर काढलेला फोटोसुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला येतो.

स्टेप २: क्लिप लेन्स घ्यायची का?

पहिला महिना घेऊ नका. आधी हात बसू दे. नंतर घ्यायची झालीच तर काहीशे रुपयांपासून मिळते, चिमट्यासारख्या क्लिपला छोटं भिंग असतं आणि ते फोनच्या कॅमेऱ्यावर लावायचं. हिशोब सोपा आहे, १० डायऑप्टरची (हे भिंगाच्या पॉवरचं माप) लेन्स असेल तर ती साधारण १०० मिलिमीटरवरचं शार्प दाखवते, २० ची असेल तर ५० मिलिमीटर. म्हणजे पॉवर जितकी जास्त तितकं किड्याच्या जवळ जावं लागणार आणि तितका तो पळण्याची शक्यता जास्त. म्हणून बॉक्सवर मोठा आकडा बघून भुलू नका, सुरुवातीला कमी पॉवरचीच बरी.

एक युक्ती फार कमी लोक करतात, ती म्हणजे क्लिप लेन्स मेन कॅमेऱ्यावर न लावता २एक्स किंवा ३एक्सच्या टेलिफोटो लेन्सवर लावायची. अंतर तेवढंच राहतं आणि किडा दुप्पट-तिप्पट मोठा दिसतो. फक्त उजेड भरपूर हवा, कारण उजेड कमी झाला की बरेच फोन टेलिफोटो गुपचूप बंद करून मेन कॅमेऱ्याचाच क्रॉप दाखवतात, तेव्हा परत ती बोट ठेवायची ट्रिक करून खात्री करा. लेन्स लावताना फोनचं कव्हर काढा, नाहीतर लेन्स तिरकी बसते आणि फोटोचा एक कोपरा कायम धूसर येतो.

आणि सगळ्यात आधी लेन्स पुसा! खिशातला फोन आहे, बोटांचा तेलकटपणा लागलेला असतो, मऊ सुती कापडाने पुसलं तरी निम्म्या लोकांचे फोटो तिथेच सुधारतील. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते, पाच-दहा मिनिटं फोन बाहेरच्या हवेत राहू द्या.

स्टेप ३: सेटिंग, थोडक्यात

पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो किड्याच्या मिशा आणि पाय बॅकग्राउंड समजून पुसून टाकतो. नाईट मोड बंद. पान हलत असेल तर एचडीआर (यात फोन अनेक फोटो एकत्र जोडतो) पण बंद, नाहीतर कडा दुहेरी दिसतात.

टॅप करून सोडण्यापेक्षा स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) लॉक होतं, मग एक्स्पोजर जरासं खाली ओढा. अंधारा भाग नंतर उजळता येतो पण पांढराफटक जळालेला भाग परत येत नाही. हे लाल आणि पिवळ्या रंगाला तर फारच लागू आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की मातीत मृगाचे किडे निघतात ना, ते लाल मखमली, त्यांचा फोटो ऑटोवर काढून बघा, नुसता लाल डाग येतो, मखमलीचे केस दिसतच नाहीत. एक्स्पोजर चांगलं खाली आणा, अंगावरचा एकेक केस दिसायला लागतो. जाता जाता त्याचे पायही मोजा, आठ असतात, म्हणजे तो कीटक नाहीच, कोळी-विंचवांच्या नात्यातला आहे.

प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने बदलायची सोय, असेल तर दोनच गोष्टी बघा, कारण बहुतेक फोनमध्ये अपर्चर बदलता येतच नाही. शटर स्पीड १/२५० किंवा त्याहून जलद, वारा असेल तर १/५००. आयएसओ (उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता, जास्त ठेवली की फोटोत दाणे येतात) शक्यतो ४०० च्या आत. दोन्ही एकत्र जमत नसतील तर याचा अर्थ उजेड कमी आहे, मग सेटिंगशी खेळत बसू नका, उजेडाचं बघा. काही फोनच्या प्रो मोडमध्ये मॅन्युअल फोकस लावला की शार्प भागाच्या कडा रंगीत दिसतात, ती सोय असेल तर जरूर वापरा.

स्टेप ४: उजेड मऊ करा

दुपारच्या उन्हात काढलेले फोटो कडक येतात, अर्धा किडा पांढरा अर्धा काळा. सकाळी सात ते नऊ, किंवा संध्याकाळी चार-साडेचारनंतर, किंवा मग ढगाळ दिवस. ढगाळ दिवसासारखा उजेड नाही, सगळीकडून सारखा येतो.

फोनचा फ्लॅश थेट मारू नका. हे का ते बघायचं असेल तर बेशरमीच्या किंवा रताळ्याच्या वेलाच्या पानावर सोनेरी कासव-भुंगा शोधा, ज्याला टॉर्टॉइज बीटल म्हणतात. नखापेक्षा लहान, पाठ चकचकीत सोन्याची आणि त्याच्या भोवती काचेसारखी पारदर्शक झालर. थेट फ्लॅश मारलात तर पाठीवर मधोमध एक पांढरा ठिपका आणि बाकी सगळं काळपट, सोनं गायब. आता फोनचा फ्लॅश बंद करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च घ्या किंवा घरच्या कोणाला धरायला सांगा, त्याच्यापुढे हातभर नाही, वीतभर अंतरावर बटर पेपरचा तुकडा धरा आणि बाजूने थोडा वरून उजेड टाका. तोच ठिपका पसरून मऊ चकाकी होते, सोनं दिसतं आणि झालरीतून खालच्या पानाची शीरसुद्धा दिसते. समोरच्या बाजूला पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा धरला तर सावलीची बाजूही उजळते. बटर पेपर नसेल तर नव्या वस्तूंच्या पॅकिंगमध्ये येतो तो पातळ पांढरा फोमही चालतो. अजून एक, हा भुंगा मेला की त्याचा सोनेरी रंग जातो, त्यामुळे मारून, पिनेला टोचून फोटो काढायचा विचार कोणी करत असेल तर त्यातून काहीच हाती लागणार नाही.

स्टेप ५: मॉडेल कुठे मिळतील

आता खरा मुद्दा. लोक किड्यांच्या शोधात जंगलात जातात, पण शिकायचं असेल तर एकाच झाडाकडे रोज बघा. मी नवशिक्या प्रत्येकाला कढीपत्ता सांगतो, लिंबू असेल तरी चालेल.

कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर फुलपाखरं अंडी घालतात, लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन नेहमीची. अंडं फिकट पिवळं, मिलिमीटरभराचं, गोल, एकेकटं चिकटवलेलं. सकाळी पान उन्हासमोर धरून बघा म्हणजे दिसतं, एकदा दिसलं की नजर तयार होते आणि मग सगळीकडे दिसायला लागतात. अंड्यातून निघालेली अळी काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा, अगदी पक्ष्याची शिट पडल्यासारखी, आणि हे तिचं संरक्षण आहे, पक्षी तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. अळी चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवीगार होते, पुढच्या फुगीर भागावर डोळ्यासारखे ठिपके. ते तिचे खरे डोळे नाहीत, खरं डोकं त्याच्या खाली लपलेलं असतं, फोटोत फोकस कुठे करायचा ते यावरून ठरवा. तिला जरा धक्का लागला तर डोक्यामागून केशरी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तो फोटो मिळावा म्हणून काडीने टोचत बसू नका, तिला त्यात त्रास होतो आणि ताकद वाया जाते. पानं खाताना मुंगी अंगावर चढली तर ती आपोआप शिंग काढते, तेव्हा मिळेल.

अळी शिकण्यासाठी इतकी चांगली का, तर ती हलत नाही, किंवा अगदी हळू हलते. तुम्हाला उजेड बदलून बघता येतो, वरून, बाजूने, समोरून काढून बघता येतं, परत उद्या तीच अळी तिथेच असते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळा प्रवास साधारण महिनाभरात होतो. कोष कधी हिरवा कधी तपकिरी असतो, आजूबाजूला जे असेल त्याच्याशी जुळणारा, आणि कमरेला रेशमाचा एक धागा बांधून फांदीला टेकलेला असतो. कोष काळसर होऊन आतले पंखांचे रंग दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर फोन चार्ज करून तयार राहा, फुलपाखरू बहुतेकदा सकाळीच बाहेर येतं आणि पंख सुकेपर्यंत तासभर तरी तिथेच लटकून असतं, एवढं शांत फुलपाखरू परत मिळणार नाही. लिंबू किंवा पपनसाचं मोठं झाड असेल आणि आसपास झाडी असेल तर आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही अंडी घालायला येतं, २०१५ मध्ये त्याला हा मान मिळाला आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य.

घरचे म्हणतील अळ्या पानं खातायत, औषध मारा. दोन-चार फांद्या त्यांना सोडा, झाड पुन्हा फुटतं. ज्या कुंडीवर औषध मारता तिथे फोटो काढायला काहीच उरत नाही, हे सरळ आहे.

दुसरं झाड जास्वंद. कळ्यांवर मावा पडतो, तो बघून आपण वैतागतो पण मॅक्रोसाठी तिथे अख्खी वस्ती असते. माव्याच्या अंगातून गोड थेंब निघतो तो प्यायला मुंग्या येतात, मुंगी मिशांनी माव्याला थोपटते आणि थेंब येतो, आणि बदल्यात त्याचं रक्षण करते. मावा खायला लेडीबर्ड येतात आणि त्यांच्या अळ्या, काळ्या-केशरी, लांबट, काटेरी, ज्यांना बघून कोणाला पटत नाही की यातून तो गोल ठिपक्यांचा सुंदर किडा होणार आहे. लोक त्यांनाच रोग समजून मारतात, कृपा करून मारू नका. इथे फोटो काढताना मुंगीच्या मागे फोन फिरवायचा नाही. एका माव्यावर फोकस लॉक करायचा आणि मुंगी त्याच्यापाशी आली की बर्स्ट, म्हणजे लागोपाठ भराभर फोटो.

तुळस. मंजिऱ्या आल्या की फुलोरी, सातेरी, पोया या मधमाश्या आणि निळ्या पट्ट्यांची मधमाशी हमखास येते. ही निळ्या पट्ट्यांची माशी दिवसा इतकी चपळ असते की फोनने तिचा फोटो मिळणं फार अवघड, एका फुलावर सेकंदभरही थांबत नाही. पण तिचे नर संध्याकाळी काय करतात माहितीये का, एखाद्या बारीक सुकलेल्या काडीला जबड्याने धरून लटकतात आणि तसेच झोपतात, बऱ्याचदा ओळीने पाच-सहा एकाच काडीवर, आणि रोज त्याच जागी येतात. अंधार पडायच्या जरा आधी बागेतल्या सुक्या काड्या, वेलींची टोकं बघत फिरा. जागा सापडली की पहाटे उजाडताना जा, अंग गार असतं, कधी दवाचे थेंब पंखांवर असतात, आणि उन्हं अंगावर येईपर्यंत ते उडत नाहीत. निळसर चमकणारे पट्टे, मोठे हिरवट डोळे, सगळं निवांत काढता येतं. सकाळी गारव्यात कीटक सुस्त असतात हे जवळपास सगळ्यांनाच लागू, चतुर, टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक), फुलपाखरं, नाकतोडे, म्हणून सुट्टीच्या दिवशी लवकर उठणं हेच मॅक्रोवाल्याचं मोठं भांडवल.

रस्त्याकडेला रुई असेल तर तिथे पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडा बघा. सुस्त प्राणी आहे, पटकन उडी मारत नाही, रुईचा विषारी चीक खाऊन तो स्वतःही बेचव झालेला असतो त्यामुळे त्याला घाई नसते. नवशिक्यांसाठी याच्यापेक्षा सोपा आणि देखणा मॉडेल नाही. पकडायला मात्र जाऊ नका, अंगातून द्रव उडवतो.

आणि घराच्या भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर, कुंडीच्या काठावर उड्या मारणारा छोटा कोळी असतोच. हा माझा सगळ्यात लाडका. आठ डोळे, त्यातले चार समोर, मधले दोन मोठे गाडीच्या हेडलाइटसारखे. हा जाळं विणून शिकार पकडत नाही, बघून झडप घालतो, त्यामुळे तो तुमच्याकडेही बघतो. फोन जवळ नेलात की वळून सरळ लेन्सकडे तोंड करतो, आपल्याला दुसरं काय हवं! बारकाईने बघितलंत तर मोठ्या डोळ्यांचा रंग बदलल्यासारखा वाटतो, कधी काळाभोर, कधी तपकिरी. डोळ्याची बाहेरची भिंगं पक्की बसलेली असतात पण आतला पडदा नळीसकट हलतो, तो कुठे बघतोय त्याप्रमाणे रंग दिसतो. काळाभोर डोळा असताना तो नेमका तुमच्याकडे बघतोय, तेव्हाच क्लिक करा. खालून, त्याच्या नजरेच्या पातळीवरून काढा, वरून काढलात तर नुसता केसाळ ठिपका येतो.

स्टेप ६: जवळ कसं जायचं

किडा दिसला की आहे तिथूनच एक रेकॉर्ड शॉट, म्हणजे नोंदीपुरता फोटो घ्या. मग एकेक पाऊल. कीटकांना अचानक हालचाल आणि अंगावर पडणारी सावली कळते, म्हणून सूर्य कुठे आहे ते बघून बाजू निवडा, सावली त्याच्यावर जाता कामा नये. हात लांब करून एकदम फोन पुढे नेऊ नका, फोन छातीशी किंवा तोंडासमोर धरून अख्ख्या अंगाने हळू पुढे सरका. तो हलायला लागला की थांबा, पुन्हा मिशा साफ करायला किंवा खायला लागला की पुढे. चतुराचं तर आणखी सोपं, तो काडीवरून उडाला तरी बहुतेकदा फिरून त्याच काडीवर येऊन बसतो, त्याच्या मागे धावू नका, काडीजवळ जाऊन थांबा. फुलपाखरू आणि चतुरासाठी ३एक्स वापरा, लांबून मिळतं आणि बॅकग्राउंडही छान मऊ येतं.

फोकसचं तंत्र असं. फोकस लॉक करायचा आणि मग फोन नाही, स्वतःचं अंग मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे-मागे न्यायचं, आणि डोळे शार्प दिसले की लगेच काढायचं. इतक्या जवळून शार्प भाग फारच पातळ असतो, मुंगीचे डोळे शार्प असतील तर पोट ब्लर होणारच. म्हणून डोळ्यांवर फोकस, हा नियम. पूर्ण किडा शार्प हवा असेल तर फोन त्याच्या अंगाला समांतर धरा, फुलपाखरू पंख मिटून बसलंय तर फोन पंखाला समांतर, म्हणजे सगळा पंख एका पातळीत येतो. कोपर गुडघ्यावर, कुंडीवर, जमिनीवर टेकवा, श्वास सोडून क्लिक, आणि स्क्रीनवर टॅप करण्याऐवजी आवाजाचं बटण वापरा म्हणजे हात कमी हलतो. बर्स्ट भरपूर घ्या. फारच चुळबुळ्या किडा असेल तर फोरके व्हिडिओ घ्या आणि त्यातली एक फ्रेम काढा, ती ८ मेगापिक्सेलची असते, मोबाईलवर बघायला पुरेशी.

वारा हा मोठा त्रास. कपड्याचा चिमटा एका काडीला बांधा, काडी मातीत खोचा आणि देठ चिमट्यात हलकेच धरा, किड्यापासून लांब. मी बाहेर जाताना हा चिमटा आणि बटर पेपर एवढंच नेतो.

नाकतोडा किंवा प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि तुम्ही इकडून तिकडे गेलात तर तो तुमच्यामागे फिरतो. ती बुबुळं नाहीत, डोळ्याच्या ज्या बारीक नळ्या नेमक्या तुमच्या दिशेने असतात त्यांच्यात उजेड शोषला जातो म्हणून तिथे काळं दिसतं. दोन्ही डोळ्यांत ठिपका दिसेल असा कोन शोधा, फोटोत त्या किड्याला एकदम नजर येते.

सांभाळून राहायच्या गोष्टीही इथेच सांगतो. आग्या मोहोळाच्या जवळपास मॅक्रो करायचं नाही, अजिबात नाही, गांधीलमाशीच्या घरट्यापासूनही लांब. केसाळ सुरवंटाला हात लावू नका, केस टोचले की भयंकर खाज सुटते. आंब्यावर पानं शिवून राहणाऱ्या लाल मुंग्यांच्या झाडाला टेकून उभे राहू नका. कोकणात गवतात, दगडात गुडघे टेकण्याआधी काठीने जागा हलवून बघा, फुरसं आणि विंचू दोन्ही तिथेच असतात. आणि किड्यांना फ्रीजमध्ये ठेवणं, पाणी फवारून दव दाखवणं, डिंकाने चिकटवणं, जाळं तोडून कोळ्याला हवं तिथे बसवणं, हे प्रकार काही लोक करतात, तुम्ही करू नका. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला, उद्या परत जा.

स्टेप ७: रात्रीही बघा

पावसाळ्यात रात्री गॅलरीत किंवा गच्चीवर पांढरी चादर टांगा, पुढे एक दिवा लावा, आजूबाजूचे दिवे बंद. तासाभरात पतंग यायला लागतात, ते चादरीवर शांत बसतात आणि चादर सपाट असल्याने फोकसला काही अडचण नाही. जुलैमध्ये जगभर नॅशनल मॉथ वीक असतो, २०१२ पासून, तेव्हा भारतातही खूप जण असेच दिवे लावून नोंदी करतात, सुरुवात करायला ती वेळ चांगली. काम झालं की दिवा बंद करा, पतंगांना रात्रभर अडकवून ठेवायचं नाही. अंगणात टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर, कपाळाशी धरून गवतावर फिरवलात तर हिरवट चमकणारे बारीक ठिपके दिसतील, दव समजू नका, ते लांडगा कोळ्यांचे डोळे असतात.

स्टेप ८: निवड, एडिट आणि नाव

घरी आल्यावर आधी डिलीट करा, डोळे शार्प नसलेले सगळे फोटो जाऊ द्या. मग स्नॅपसीडसारखं कुठलंही फुकट ॲप पुरे. क्रॉप, हायलाइट थोडे खाली, व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून) ठीक, आणि डिटेल्समध्ये शार्पनिंग थोडंसं. स्ट्रक्चर फार ओढलं की पंखांवर दाणे येतात आणि फोटो प्लास्टिकचा वाटतो. रंग भडक करायचा मोह टाळा, त्या रंगावरूनच नंतर ओळख पटायची असते. मूळ फोटो वेगळा ठेवा.

ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट वापरा, फुकट आहे, फोटो टाकला की ॲप अंदाज सांगतं आणि जाणकार लोक तपासून नाव देतात. सप्टेंबरमध्ये बिग बटरफ्लाय मंथ असतो, तेव्हा फुलपाखरांच्या नोंदी खास टाका. त्यासाठी एकच देखणा फोटो पुरत नाही, प्रत्येक किड्याचे निदान तीन काढा, वरून, बाजूने आणि समोरून, फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे दोन्ही, कोळ्याचं पोट खालूनही. शिवाय तो ज्या झाडावर होता त्या झाडाच्या पानाचा एक फोटो, कारण अळीची ओळख बरेचदा झाडावरूनच लागते. तारीख आणि जागा फोटोत आपोआप येते, फक्त कॅमेऱ्याचं लोकेशन सेटिंग चालू आहे ना ते बघा, आणि घरच्या कुंडीतली नोंद असेल तर ॲपमध्ये नेमकी जागा झाकायचा पर्याय निवडा.